फलंदाजाला आधी काय शिकवावं?

(मंडळाच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी झालेल्या भाषणाची संहिता)



या व्यासपीठावर दरवर्षी संतसाहित्य, नाट्यसंगीत, नाहीतर आरोग्य असे विषय होतात. यंदा कार्यकारिणीने आम्हाला सांगितलं, "तुम्ही क्रिकेटवर बोला." आम्ही म्हणजे रविवारी सकाळी मुलांना खेळ शिकवणारे मंडळाचे पाच जण. बोलायला एकाला उभं केलं आहे, पण बोलणं पाचही जणांचं आहे. म्हणून "आम्ही" असंच म्हणतो. पुढे आमच्या एका चुकीबद्दलही बोलायचं आहे. तीही पाचही जणांचीच.

विषय साधा आहे. एखादा संघ फटकेबाजी करतो, एखादा तासन्‌तास टिकून खेळतो. हे कोण ठरवतं? आपल्याला वाटतं, ज्याच्या हातात बॅट तो ठरवतो. आम्हाला आता तसं वाटत नाही. बॅट हाताने फिरते खरी, पण कोणता चेंडू मारायचा, कोणता सोडायचा आणि बाद झालो तर लाज कशाची वाटायची, हे फलंदाजाच्या मनात आधी कोणीतरी घातलेलं असतं. तो कोणीतरी म्हणजे प्रशिक्षक किंवा कर्णधार.

२०२२ सालचा जून महिना आठवा. इंग्लंडच्या कसोटी संघाला ब्रेंडन मॅकलम हे नवे प्रशिक्षक आणि बेन स्टोक्स हा नवा कर्णधार मिळाला होता. त्याआधीच्या १७ कसोटींत इंग्लंडने एकच जिंकली होती. खेळाडू बहुतेक तेच राहिले, पण विचार बदलला. "बाद व्हायची भीती सोडा" असा तो विचार. नॉटिंगहॅमला शेवटच्या दिवशी न्यूझीलंडविरुद्ध २९९ धावा करायच्या होत्या. पूर्वी त्यांनी सामना वाचवायचं बघितलं असतं. यांनी त्या धावा बरोबर ५० षटकांत काढल्या. जॉनी बेअरस्टोने ९२ चेंडूंत १३६ केल्या.

त्याच महिन्यात बेंगळुरूला आपला मध्य प्रदेशचा संघ रणजी करंडकाचा अंतिम सामना मुंबईशी खेळत होता. मुंबईने ३७४ केल्या होत्या. आपल्या यश दुबेने ३०० हून अधिक चेंडू खेळून १३३ केल्या. शुभम शर्माने ११६ आणि रजत पाटीदारने १२२ केल्या. कोणाला घाई नव्हती. आपण ५३६ वर पोहोचलो आणि पुढे सामना सहा गडी राखून जिंकला. मध्य प्रदेशचा तो पहिलाच रणजी करंडक. त्या रात्री राजवाड्यापुढे जाऊन आलेले कितीतरी जण आज इथे बसले असतील.

एकाच महिन्यात दोन संघ दोन उलट वाटांनी जिंकले. मग मुलांना कोणती वाट शिकवायची? या प्रश्नाचं उत्तर आम्ही इंदूरच्याच इतिहासात शोधलं. आपलं भाग्य असं की, दोन्ही वाटांचे मोठे गुरू या गावाने पाहिले आहेत.

पहिले कर्नल सी. के. नायडू. जन्म नागपूरचा, १८९५ सालचा. होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून ते इंदूरला आले आणि इंदूरचेच झाले. १९२६ साली आर्थर गिलिगन यांचा एमसीसीचा संघ भारतात आला होता. मुंबईला जिमखान्यावर नायडूंनी त्या संघाविरुद्ध दोन तासांच्या आत १५३ धावा केल्या. त्यांत ११ षटकार होते. तोवर साहेबाच्या संघासमोर आपल्या फलंदाजाने टिकून राहिलं, तरी पुष्कळ झालं असं लोकांना वाटायचं. त्या एका डावाने समज बदलली. दोन वर्षांनी, १९२८ मध्ये भारताचं क्रिकेट मंडळ स्थापन झालं. १९३२ ला लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला, तेव्हा कर्णधार नायडूच होते.

हाच विचार त्यांनी होळकर संघाला दिला. संघ १४ हंगाम रणजी खेळला आणि त्यांतल्या १० हंगामांत अंतिम फेरीत गेला. चार वेळा करंडक इंदूरला आला. १९४५-४६ च्या उपांत्य सामन्यात म्हैसूरविरुद्ध होळकर संघाने ८ बाद ९१२ धावा केल्या आणि एकाच डावात सहा जणांची शतकं लागली. भांडारकर, सरवटे, जगदाळे, निंबाळकर आणि प्रतापसिंह हे पाच, सहावे स्वतः नायडू. नावं ऐकताना आजोबा-पणजोबांची आठवण येणारी घरं या सभागृहात आहेत. त्यानंतर बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात नायडूंनी २०० धावा काढल्या. तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशी ओलांडली होती.

त्याच्या आदल्या वर्षीचा, १९४४-४५ चा अंतिम सामना मुंबईला झाला. तेव्हा सामना निकाल लागेपर्यंत चालायचा. मुंबईने शेवटच्या डावात होळकरांपुढे ८६७ धावांचं आव्हान ठेवलं. विजय मर्चंट यांनी २७८ केल्या होत्या. एवढा डोंगर पाहून कोणीही मनातून हरला असता. आपल्या मुश्ताक अलींनी पहिल्या डावात १०९ केल्या होत्या, दुसऱ्यात १३९ केल्या. महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळत होता, तो २४९ वर नाबाद राहिला. संघ ४९२ पर्यंत गेला आणि ३७४ धावांनी हरला. पण त्या हरण्यात कोणाची मान खाली गेली नाही.

मुश्ताक अली इंदूरचेच. कसोटीत आले ते डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून, आणि दोनच वर्षांत, १९३६ साली मँचेस्टरला सलामीला जाऊन ११२ धावा केल्या. परदेशात कसोटी शतक करणारा तो पहिला भारतीय. वेगवान गोलंदाजाला पुढे चालत जाऊन मारायची त्यांची सवय पुस्तकात बसणारी नव्हती. दुसऱ्या एखाद्या गुरूने ती पहिल्याच आठवड्यात मोडून काढली असती. नायडूंच्या छायेत वाढल्यामुळे ती टिकली.

मात्र नायडूंचा विचार म्हणजे "मारा आणि मोकळे व्हा" असा कोणी समजू नये. शिस्तीला ते अतिशय कडक होते. त्यांची एक गोष्ट जुने लोक नेहमी सांगतात. रणजीच्या सामन्यात दत्तू फडकरांचा उसळता चेंडू त्यांच्या तोंडावर बसला आणि दात पडले. नायडूंनी खेळपट्टीवरचे दात बाजूला सारले आणि पुन्हा उभे राहिले. फडकरांनी वेग कमी केला, तर त्यांनाच म्हणाले, नेहमीसारखा टाका. म्हणजे आक्रमण हा त्यांच्यासाठी शौक नव्हता. तिथे उभं राहायचं, दुखलं तरी राहायचं, आणि जो चेंडू मारण्याजोगा तो मारायचाच, असा तो विचार होता.

दुसरे गुरू चंद्रकांत पंडित. मुंबईचे, रमाकांत आचरेकर सरांचे शिष्य. आचरेकर सर नेटमध्ये यष्टींवर रुपयाचं नाणं ठेवायचे. गोलंदाजाने सचिनला बाद केलं तर नाणं गोलंदाजाचं, नाहीतर सचिनचं. त्या एका नाण्यात मुंबईचं सगळं तत्त्वज्ञान आहे. विकेट ही किमतीची वस्तू, ती फुकट द्यायची नाही. याच विचारावर मुंबईने १९५८-५९ पासून सलग १५ वर्षं रणजी जिंकली. इतर गावं त्याला "खडूस" म्हणायची आणि मुंबईकर तो शब्द अभिमानाने मिरवायचे.

पंडित मध्य प्रदेशाकडून खेळायला आले आणि १९९८-९९ च्या हंगामात त्यांच्या नेतृत्वाखाली आपण अंतिम फेरीत पोहोचलो. बेंगळुरूलाच, कर्नाटकाविरुद्ध. पहिल्या डावात आपल्याकडे ७५ धावांची आघाडी होती. रणजीचा नियम तुम्हाला ठाऊक आहे, सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात पुढे असलेला संघ विजेता. म्हणजे शेवटच्या दिवशी नुसता खेळून काढला असता तरी करंडक आपला होता. पण फलंदाजी १५० वर आटोपली आणि आपण ९६ धावांनी हरलो.

तेवीस वर्षांनी त्याच मैदानावर पंडित आपल्या संघाचे प्रशिक्षक म्हणून उभे होते. मधल्या काळात त्यांनी प्रशिक्षक म्हणून मुंबईला आणि दोनदा विदर्भाला करंडक मिळवून दिला होता. २०२२ च्या त्या ५३६ धावांकडे आता पुन्हा बघा. पहिल्या डावातली आघाडी आधी घ्या, बाकी मग, हा हिशेब सगळ्यांना पाठ होता. कोणत्या धावेचा उपयोग काय हे फलंदाजाला माहीत होतं, म्हणून तो शांत होता.

आणि यातली सगळ्यात बोलकी गोष्ट आपल्या रजत पाटीदारची. त्या अंतिम सामन्याच्या महिनाभर आधी आयपीएलमध्ये कोलकात्याला त्याने बंगळुरूच्या संघाकडून ५४ चेंडूंत नाबाद ११२ केल्या होत्या. पुढे याच संघाला पहिलं आयपीएल जेतेपद मिळवून देणारा कर्णधारही तोच झाला. तर महिन्यापूर्वी ५४ चेंडूंत शतक करणारा मुलगा रणजीच्या अंतिम सामन्यात १२२ धावांसाठी २०० हून अधिक चेंडू खेळला. हात तेच, फटके तेच. बदलली फक्त निवड.

हा "निवड" शब्द आमच्या मनात घट्ट बसला तो आणखी एका खेळामुळे. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं-नातवंडं अमेरिकेत आहेत, तिथे बेसबॉल चालतो. त्यातही हाच वाद आहे, आणि तो खूप जुना आहे. टेड विल्यम्स नावाचे बोस्टनचे मोठे फलंदाज होऊन गेले. कमरेची फिरकी वापरा आणि बॅट किंचित वरच्या दिशेने न्या, असं ते शिकवायचे. कॅन्सस सिटीच्या संघाचे प्रशिक्षक चार्ली लाउ यांचं म्हणणं वेगळं होतं. शरीराचा भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर आणा आणि मैदानाच्या सगळ्या बाजूंना मारा, असं ते सांगत. लाउ स्वतः खेळाडू म्हणून सामान्य होते. पण त्यांचं ऐकून जॉर्ज ब्रेट घडला. त्यांच्या संघाचं मैदान मोठं आणि कृत्रिम गवताचं होतं. तिथे जमिनीलगतचा जोरदार फटका वेगाने पळायचा, त्यामुळे ती शिकवण त्या मैदानाला शोभणारी होती.

दोघांचे शिष्य अजूनही भांडतात. पण विल्यम्स यांनी १९७१ साली लिहिलेल्या पुस्तकातलं एक चित्र बघण्यासारखं आहे. चेंडू ज्या चौकटीतून येतो ती चौकट त्यांनी चेंडूएवढ्या गोळ्यांनी भरून काढली आणि प्रत्येक जागी आलेला चेंडू मारला तर स्वतःला किती यश मिळेल तो आकडा लिहिला. मधल्या जागी हजारात ४००, खाली बाहेरच्या कोपऱ्यात जेमतेम २३०. म्हणजे एवढ्या मोठ्या फटकेबाजाचा पहिला नियम होता, मारण्याजोगा चेंडू येईपर्यंत थांबा. बॅट वर न्यायची की सरळ, हा त्यानंतरचा प्रश्न.

आता आमच्या चुकीकडे येतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मुलगा यायचा. अकरा-बारा वर्षांचा, डावखुरा. गल्लीत टेनिस बॉलवर वाढलेला. पायावरचा चेंडू असा उचलायचा की तो थेट रस्त्यापलीकडच्या गच्चीवर. आम्ही पाचही जण जुन्या वळणाचे. त्याला पहिल्या दिवशी सांगितलं, "बेटा, इथे सगळं जमिनीवरून." चेंडू हवेत गेला की मैदानाला एक फेरी. बिचारा पळायचा. आम्हाला वाटायचं, शिस्त लागते आहे. चार महिन्यांत त्याचा चेंडू हवेत जाणं थांबलं खरं, पण धावाही थांबल्या. पाय हलेना. सरळ फुलटॉस आला तरी तो नुसता अडवायचा आणि आमच्याकडे बघायचा. आम्ही त्याला "शाबास" म्हणायचो.

मग त्याने येणं सोडलं. त्याची आजी इथेच आरतीनंतर भेटली. आम्ही विचारलं, "आजी, नातू दिसत नाही हल्ली?" त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दादा, तो म्हणतो, तिथे बॅट हातात घेतली की पाय जड होतात." प्रसादाची वाटी हातात घेऊन आम्ही तसेच उभे राहिलो. उत्तर नव्हतं.

आम्ही त्याला पंडितांचं नाव घेऊन शिकवत होतो, पण पंडितांचं मर्म आम्हाला कळलंच नव्हतं. त्यांचा फलंदाज चेंडू सोडतो तेव्हा का सोडतो ते त्याला माहीत असतं. आमच्या मुलाला फक्त फेरी माहीत होती. भीतीने सोडलेला चेंडू आणि विचाराने सोडलेला चेंडू, दोन्ही लांबून सारखेच दिसतात. पण पहिल्याने मूल आकसतं आणि दुसऱ्याने वाढतं. इतकी वर्षं मैदानावर काढूनही हा फरक आम्हाला दिसला नाही.

उलट चूकही तितकीच सोपी आहे. आजकाल काही पालक येतात आणि पहिल्या दिवशी विचारतात, "सर, सिक्सर कधीपासून शिकवणार?" मूल आठ वर्षांचं, बॅट त्याच्या छातीपर्यंत. त्याला प्रत्येक चेंडूवर घुमवायला सांगायचं, आणि बाद झालं की "ॲटॅकिंग खेळतो आमचा" म्हणायचं. यातही निवड नाही. दात पडल्यावर पुन्हा उभं राहणाऱ्या नायडूंचं नाव या खेळाला देऊ नये.

त्या आजींच्या वाक्यानंतर आम्ही रविवारची पद्धत बदलली. पहिली गोष्ट, फेऱ्या बंद. दुसरी, नेटमध्ये आलेल्या प्रत्येक मुलाने पहिले बारा चेंडू मोठ्याने बोलून खेळायचे. चेंडू हातातून सुटला की "खेळ" किंवा "सोड" असं ओरडायचं. फटका कसा लागला हे आम्ही त्या बारा चेंडूंत बघतच नाही, निर्णय वेळेवर झाला का एवढंच बघतो. सुरुवातीला मुलं हसतात, मग रंगतात. दोन महिन्यांत चेंडू लवकर ओळखायला लागतात.

तिसरी गोष्ट, हवेत मारायला बंदी नाही, पण आधी सांगायचं की क्षेत्ररक्षक कुठे उभे आहेत. सांगता आलं तर मार. चौथी, दर रविवारी शेवटचा अर्धा तास कोड्याचा. आम्ही परिस्थिती देतो. कधी "चार षटकं, तीस धावा, दोन गडी शिल्लक." कधी "दहा षटकं काढायची, धावांची गरज नाही." एकच मूल दोन्ही खेळतं. आज पाटीदार पहिला, पुढच्या रविवारी पाटीदार दुसरा, असं मुलंच म्हणायला लागली आहेत.

आणि पाचवी गोष्ट आमच्यासाठी. बाद झालेल्या मुलाला पहिला प्रश्न "असं का मारलंस?" हा विचारायचा नाही. "तुला काय दिसलं?" असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला मूल मान खाली घालतं. दुसऱ्याला उत्तर देतं, आणि त्या उत्तरात शिकवायला जागा सापडते.

पालकांना हात जोडून एक विनंती. सीमारेषेबाहेरून ओरडू नका. आत आम्ही एक सांगतो, बाहेरून बाबा दुसरं सांगतात, घरी आजोबा गावसकरांचं उदाहरण देतात आणि दादा मोबाइलवर षटकारांचे व्हिडिओ दाखवतो. चार गुरूंच्या मध्ये मुलाचा पाय हलत नाही. घरी विचारायचंच असेल तर एवढं विचारा, "आज कोणता चेंडू सोडलास? का सोडलास?" त्याने नीट कारण सांगितलं तर त्या दिवशी शून्यावर बाद झाला असला तरी जिलेबी खाऊ घाला.

तुम्ही विचाराल, तो डावखुरा मुलगा परत आला का? नाही आला. आता मोठा झाला आहे, कॉलेजात जातो, मित्रांबरोबर टेनिस बॉलवर खेळतो असं ऐकतो. पण दोन वर्षांपासून त्याची धाकटी बहीण येते. तीही डावखुरी. पायावर चेंडू आला की तीही उचलते. पहिल्या रविवारी चेंडू हवेत गेला आणि तिने चटकन आमच्याकडे बघितलं. घरी काहीतरी ऐकलेलं असणार. आम्ही एवढंच विचारलं, "मिडविकेटला कोणी होतं का?" ती म्हणाली, "नाही." "मग ठीक आहे. पुढचा खेळ."

त्या मुलाची माफी मागायची आमची संधी गेली. म्हणून आज या व्यासपीठावरून त्याच्या आजींसमोर ती मागतो. त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

दोन्ही वाटा आपल्याच गावाच्या आहेत. मुलाने कोणत्या वाटेने जायचं ते त्याचे हात, त्याचं मैदान आणि सामन्याची गरज ठरवेल. आपण त्याला चेंडू ओळखायला शिकवू, आणि त्याचे पाय जड होणार नाहीत एवढं बघू.

रविवारी सकाळी साडेसहाला नेट लागतं. मुलांना पाठवा, मुलींनाही पाठवा. बॅट नसली तरी चालेल, मंडळाकडे आहेत.

गणपती बाप्पा मोरया!